सजा

सजा म्हणजे आमच्याकडे तलाठ्याची.
सातबारा, फेरफार, आणि तलाठी जागेवर नाही.
इथे शारजात सजा म्हणजे
सिमेंट कारखान्यामागच्या बराकी,
एका खोलीत दहा जण
आणि दारामागच्या खिळ्यांवर दहा हेल्मेटं.

सुट्टीच्या आदल्या रात्री टेकबहादूरनं
मेसच्या भिंतीवर चादर ताणली.
प्रोजेक्टर कुठल्याशा ऑफिसच्या भंगारातला,
उजव्या कोपऱ्यात कायमचा हिरवा डाग.
मारामारीचा पिक्चर म्हणून सगळे जमलो,
निघाली डॉक्युमेंटरी.
अर्धे उठून गेले.
मी बसलो, कारण खोलीतला एसी बंद होता.

अमेरिकेतला एक समुद्र.
त्यालाही आखातच म्हणत होते.
किनाऱ्यावर पाटी: फक्त गोऱ्यांसाठी.
आणि इस्त्रीच्या कपड्यांतली काळी माणसं
बूट न काढता, तशीच
पाण्यात उतरत होती.
पोहायला नाही. नुसती उभी राहायला.
एका बाईनं पर्स डोक्यावर धरलेली.
मग काठ्या आल्या. मग साखळ्या.
बाई दिसेना,
पर्स तरंगत राहिली, कॅमेरा तिच्यावरच.

मी मात्र पाटी बघत होतो.
धंदाच आहे माझा तो.
अक्षर चांगलं होतं.
ओळींतलं अंतर सारखं,
खालची रेघ एका दमात ओढलेली.
असा हात बसायला दहा वर्षं जातात.
ती पर्सवाली, आता म्हातारी, बोलली.
पाद्री बोलला. काठी चालवणाराही बोलला,
खाली बघत.
पाटी लिहिणारा तेवढा कुठे नव्हता.
काळाच असेल का तो?
दिवसाची मजुरी खिशात घालून,
ब्रश रॉकेलात बुडवून
घरी गेला असेल,
आणि पोरानं विचारलं असेल,
बाबा, आज काय लिहिलंत?

मार्चमध्ये मी खाडीपलीकडच्या बीचवर
पाटी ठोकली.
वर अरबी, खाली इंग्रजी: फक्त कुटुंबांसाठी.
चार बोल्ट, दोन पाइप, लेव्हल लावून सरळ.
सुपरवायझर म्हणाला, शाबास तांबे.
मग म्हणाला, आता इथे रेंगाळू नका.
आमच्यात कुटुंब म्हणजे बायको.
ती दापोलीला.
पाकिटात फोटो आहे,
पण पाटीला फोटो चालत नाही.

फिल्म संपल्यावर क्वाबेनानं विचारलं,
गेटवरचा वॉचमन, घानाचा,
तुमच्याकडे होते असे बोर्ड?
नव्हते, म्हणालो.
खरंच नव्हते.
वाडीच्या वरच्या अंगाला विहीर होती,
तिच्यावर एक अक्षर नव्हतं.
अख्खं गाव अंगठेबहाद्दर,
पण ती न लिहिलेली पाटी
आमच्या रांगत्या पोरालाही वाचता यायची.
ओंजळ, आणि वरून ओतलेलं पाणी,
हात शिवू न देता:
याला इंग्रजीत काय म्हणायचं?
नो बोर्ड, म्हणालो. एव्हरीबडी नोइंग.
तो हसला नाही.
चादर काढायला मात्र दोघंही उठलो नाही,
पांढऱ्या कापडावर हिरवा डाग
बराच वेळ राहिला.

पुढच्या आठवड्यात तक्रार आली,
शमाल वाऱ्यानं बीचवरचा बोर्ड हलतोय.
पास मिळाला, अर्ध्या तासाचा.
बोल्ट आवळायला दहा मिनिटं पुरली.
पाणी वीस पावलांवर होतं.
सेफ्टी शूज काढले नाहीत.
त्या लोकांनी काढले नव्हते.
गुडघ्यापर्यंत गेलो आणि उभा राहिलो.
पाणी कोमट होतं, डिझेलचा वास होता,
एक पोरगी फुगवलेल्या बदकात बसून
माझ्याकडे टक लावून बघत होती.
शिट्टी वाजली.
मी हातातला पाना उंच करून दाखवला:
काम चालू आहे.

बूट तीन दिवस खिडकीत होते.
टेकबहादूर म्हणतो, मीठ पुसून टाक,
चामडं तडकेल.
अजून पुसलं नाही.