हिरवा दिवा

दोन हजार अठ्ठेचाळीस.
त्यापुढे आमचा प्रॉक्सी कुणालाच आत घेत नाही,
आणि त्या मंगळवारी तो साडेअकरालाच भरला.
विजयनगरात, चौथ्या मजल्यावर, मी यादी उघडली:
निम्म्याहून जास्त जोडण्या मेलेल्या.
कुणी राउटर बंद करून मुलाला आणायला गेलेला,
कुणाची महूत लाइटच गेलेली,
निघताना 'येतो' असं कुणी म्हटलंच नव्हतं,
आणि सर्व्हर बापडा प्रत्येकाची खुर्ची धरून.

सोडानी म्हणाला, "झाडून टाक ना, भिया."
झाडलं.
तासाची मुदत दोन मिनिटांवर आणली.
एकशेवीस सेकंद गप्प राहिलास, की बाहेर.
आकडा सरसर उतरला.
मी खाली जाऊन शिकंजी प्यालो.

गुरुवारी रामबागेतून मंदाकिनी टिल्लू,
डब्यांचं स्वयंपाकघर, मोबाइलवरून:
"दोन दिवस एक ऑर्डर नाही.
आम्ही लावला तर लागतो. आम्हाला कुणाचा येत नाही.
दिवा हिरवा आहे हो. मी सारखी बघतेय."

दिवा हिरवाच असणार.
त्या स्वस्तातल्या फोनच्या लेखी नोंदणी तासाभराची,
वहीत नाव, नावापुढे पत्ता,
आणि त्या पत्त्याकडे जाणारी एकुलती वाट
मी अठ्ठावन्न मिनिटं आधीच बुजवलेली.
कुणी हाक मारली की प्रॉक्सी वही बघायचा,
आहेत, म्हणायचा, घरीच आहेत,
आणि भिंतीला धडकून परत यायचा.
चौदा डब्यांची भाजी कुणी खाल्ली, मी विचारलं नाही.
त्यांनीच सांगितलं. गिलकी होती.

रात्री मर्यादा दुप्पट केली.
नुसतं दार वाजवून न बोलणाऱ्यांना पाच सेकंद.
आत आलेल्यांना तीन हजार सहाशे दहा.
"वरचे दहा कशाला?" सोडानी.
नोंदणी संपता संपता नवी पोचायला वेळ लागतो, म्हणालो,
आणि ते खरंच आहे.
आमच्याकडे पाहुणा उठला तरी
चपलेत पाय घालता घालता निम्मं बोलणं होतं,
हे काही सांगितलं नाही.

शुक्रवारी अकरा वाजून सहा मिनिटं.
टिल्लूंकडे कॉल. वाजतोय.
वाजायची मुदत तीस सेकंद.
अठरा. बावीस.
हात धुवत असतील.
सव्वीस.
मी स्क्रीनला म्हणालो, थांब जरा.