रविवारी बघू

आमचा रविवार इथे शुक्रवारी येतो.
शारजात, तमिळ मंडळी उठली की
अजून कोमट असलेल्या खुर्च्यांवर आम्ही,
जालन्याचे, राहुरीचे, दोन घरं सोलापूरची,
अडीच ते चार.
पेटीची एक पट्टी दाबली की वर येत नाही,
शांतवनकाका ती बोटाने उचलतात, पुढे वाजवतात.

पाळकसाहेब आज परक्यांबद्दल बोलले.
आम्ही माना डोलावल्या. परके म्हणजे आम्हीच की!
आमचे व्हिसे, आमची भाडी, मराठी विसरलेली पोरं.
स्वतःसाठी थोडं रडूही आलं.

माझ्या खिशात किल्ली होती.
सजाच्या कॅम्पात (सजा हे गावाचंच नाव)
माझ्या टेबलाच्या खालच्या खणात
एकशे बारा पासपोर्ट, रबरबँड लावून.
मी टाइमकीपर. मालक नाही.
हे मी फार वेळा म्हटलंय.

मंगळवारी पोशेट्टीची आई गेली, तिकडे जगतियालला.
"साहेब बाहेर आहेत, रविवारी बघू."
तो बरं म्हणाला. नुसतं बरं.
आणि बुटाची नाडी बांधून शिफ्टला गेला.

भाकरीचं ताट माझ्यापर्यंत आलं.
मी ते सुगंधाबाईंकडे सरकवलं.
त्यांनी पाहिलं, विचारलं नाही.

बाहेर बेचाळीस अंश.
किल्ली तळहाताला पोळत होती, किंवा ऊनच असेल.
साहेबांना काय सांगायचं, बायकोला काय,
घराच्या हप्त्याला काय, जुळवत उभा होतो.
रविवार तर आजच होता.

सजाची बस आली.
कंडक्टर नसतोच तिला,
चढायचं की नाही
कुणी विचारत नाही.