माया

हॅलिफॅक्सच्या बाजारामागे, उताराच्या गल्लीत माझं दुकान.
पँट आखूड करणे, चेन बदलणे,
कमरेत घेणे, कमरेत सोडणे.
पाटीवर एवढंच. बाकीचं गिऱ्हाईक आपणहून सांगतं.

चार वर्षांपूर्वी डावी किडनी काढली
तेव्हा सर्जन म्हणाला, कडा स्वच्छ आल्या,
गाठीभोवतीचं चांगलं थोडं घेऊनच कापलंय.
मला ते लगेच कळलं.
आम्ही त्याला माया म्हणतो.
मापाच्या रेघेबाहेर अंगठाभर कापड
जास्त धरायचं, मगच कात्री घालायची.
घरी येऊन आरशापुढे कूस वळवून पाहिली,
टाके सरळ, ताण सगळीकडे सारखा.
एवढं नीट मी फक्त लग्नाचं शिवते.

आणि ऑक्टोबरात, उजव्या फुप्फुसात, तीन.
डॉक्टर ओसेईंनी पडदा माझ्याकडे वळवला.
राखाडी अस्तरावर टाचण्यांची डोकी.
हा फुप्फुसाचा नाही, म्हणाले, किडनीचाच आहे.
म्हणजे जी काढली, जाळलीही असेल कुठेतरी,
तिच्या नावाचं खातं अजून चालूच.

रात्री शालनला फोन. सांगलीत पहाट.
बरी होशील ना, तिने विचारलं.
डॉक्टरांनी दोन शब्द दिले होते,
एक नाही म्हणणारा, एक हो म्हणणारा,
लीड्सहून बसमध्ये येताना दोन्ही पुटपुटत आले
तरी मराठीत बसेनात.
शेवटी म्हटलं, बरं होणार नाही गं. आवरेल.
ती गप्प. मग म्हणाली,
घर आवरतात तसं?
हो. रोज आवरायचं. रोज पसरणार.

चार आठवड्यांनी एकदा सलाईन, लीड्सला,
खिडकीजवळची खुर्ची मिळाली तर बरं.
रोज एक गोळी, उपाशीपोटी,
जेवून दोन तास घड्याळाकडे बघत बसायचं.
चहा पत्र्यासारखा लागतो. ब्लडप्रेशर
सकाळ-संध्याकाळ वहीत, गिऱ्हाइकांच्या मापांच्याच वहीत:
मिसेस ॲक्रॉइड, छाती अडतीस.
मी, एकशे बावन्न.

सहाव्या आठवड्यात तळहात सोलले.
अंगुस्तान चढेना, सुई धरली की
बोटांच्या टोकांना चुलीची आठवण.
नर्स लिनेटने युरियाचं मलम दिलं.
शालन हसत सुटली: अगं, आमच्या उसाला घालतो तो!
मीही हसले. पहिल्यांदाच. कूस दुखेपर्यंत.
डॉक्टरांनी गोळी आठवडाभर थांबवली,
मग कमी ताकदीची दिली.
घाबरले मी. कमी म्हणजे पुरेल का?
ते म्हणाले, तुम्हाला झेपेल तीच पुरते.
मी मान हलवली. पटलं असं नाही.

भुवया पांढऱ्या झाल्या, अगदी दोऱ्यासारख्या.
कोणी विचारलं तर सांगते, वय.

काल एक बाई मुलाचा शाळेचा कोट घेऊन आली.
मनगटं बाहेर, वर्ष संपायला अजून मार्च, एप्रिल, मे.
नवा घेणं नाही जमायचं, असं तिने
कोटाकडे बघत सांगितलं, माझ्याकडे नाही.
सुती हातमोजे चढवून बाही उलटी केली,
उसवणीचं टोक आत सरकवलं.
ज्याने शिवला त्याने ठेवली होती,
चांगली दोन बोटं, दुमडून, अंधारात,
न वापरलेली, मूळ रंगाची.

स्कॅनचं पत्र गल्ल्यात आहे.
दोन लहान झाल्यात. एक आहे तेवढीच.
पुढचा बारा आठवड्यांनी.

सोडते, म्हटलं, शुक्रवारी या.
पण आधीच सांगते, जुन्या घडीची रेघ दिसेल.
इस्त्रीने जात नाही ती.
दिसू दे, ती म्हणाली, हात तरी झाकतील.
मी खडू शोधू लागले.