फक्कीचा हौद

घरामागची जागा चोवीस बाय पंधरा.
त्यातून कढीपत्ता वजा, बोअरचं झाकण वजा,
कपडे वाळत घालायच्या दोन तारा वजा.
उरलं ते मी विजेच्या बिलामागे मांडून ठेवलं.

मगदुमांचा प्रीतम फाइल घेऊन आला.
फायबरचा घ्या काकू, अख्खा तयार येतो,
क्रेननं उचलायचा, खड्ड्यात ठेवायचा, दोन दिवसांत पोहा.
आमच्या बोळातून रिक्षासुद्धा आरसे मिटून जाते.
मग लायनरचा? आतून निळं प्लास्टिक, स्वस्तात बसतं.
शेजारच्या घोरपड्यांची चार मांजरं आहेत, सगळी नखवाली.
मग काँक्रीट. म्हणाल तो आकार.
सध्या किडनी शेप जोरात आहे.
"किडनी नको," हे म्हणाले,
"दोन खडे पाडून बसलोय."

तीस वर्षं मी सातवीला हौद शिकवला.
एक नळ तो चार तासांत भरायचा,
दुसरा सहा तासांत रिकामा करायचा.
दोन्ही एकदम सोडले, तर किती वेळ?
बारा तास.
एकदा मागच्या बाकावरून सर्जेराव खाडे म्हणाला,
"पण बाई, त्यो दुसरा नळ बंद का करत न्हाईत?"
त्याला मी तास संपेपर्यंत उभं केलं.
हौद किती खोल, आत कोण उतरतं,
हे पुस्तकात नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं.

यांना आठ फूट खोल हवा. सूर मारायचाय.
पूर्वी हे पुलावरून पंचगंगेत उडी घ्यायचे,
मी घाटाच्या पायरीवर यांचं घड्याळ धरून.
मिनिटं मोजायचे, डोकं वर येईपर्यंत.
आता वय चौसष्ट. इथून सूर मारला
तर निघतील थेट घोरपड्यांच्या स्वयंपाकघरात.

मला गुडघे. डॉक्टर म्हणाले, पाण्यात चाला.

पाण्यात मी एकदाच चालले आहे.
मी गेले नव्हते, तेच आलं होतं,
मागच्या दारानं, पहाटे, चपला न काढता.
फ्रिज आडवा होऊन तरंगत होता,
घटक चाचणीचे पेपर भिजून त्यांचा लगदा.
रेशनकार्ड डोक्यावर धरून
ओट्यापासून दारापर्यंत नऊ पावलं.
दारात होडी. होडीत आमचा दूधवाला.
नागाळा पार्कात इतक्या वर पाणी येत नाही,
असं आम्हीच सगळ्यांना सांगत आलो होतो.

भिंतीवर रेघ आहे अजून.
रंगाऱ्यानं दोनदा पुसली, दोनदा वर आली.

काल टेप लावला. तीन फूट दहा इंच.
प्रीतमला म्हटलं, खोली एवढी.
"चारच करू की काकू, राउंड फिगर."
नको. तीन फूट दहा.
आकार चौकोनी, सोळा बाय सात.
पायऱ्या रुंद, कठडा डाव्या हाताला,
आणि तळाशी एक बूच, मला एकटीला निघेल असं.
दस्तगीर मिस्त्री पान थुंकून आले, कागद बघितला,
"ह्यो तर हौदच की ओ बाई."
हौदच.

ॲडव्हान्स अजून दिलेला नाही.
रेट चढा आहे, खाली काळा दगड लागला तर आणखी चढेल,
आणि पुरानं पोळलेल्या लोकांनी
विकत पाणी आणून खड्ड्यात ओतायचं
म्हणजे गल्लीला चार महिने पुरेल एवढं हसू.

संध्याकाळी यांनी कबड्डीच्या मैदानावरून
पिशवीभर फक्की आणली.
मी टेप धरला, यांनी रेघा ओढल्या,
एक कोपरा चुकला, तो पायानं पुसून पुन्हा.
मग मी कठड्याच्या जागी हवेत हात ठेवून
आत उतरले.
आठ पावलं जायचं, आठ पावलं यायचं.
हे पाट घेऊन काठावर बसले,
विजार गुडघ्यापर्यंत दुमडून.
"गार आहे का?"
"भरतंय अजून," मी म्हटलं.
"दुसरा नळ?"
"बंद."

तेवढ्यात घोरपड्यांचं पिवळं मांजर
कुंपणावरून उतरलं
आणि पाण्यावरून सरळ चालत पलीकडे गेलं.