शटर किती अंशांवर असतं

रविवारी अलकापुरीतल्या हॉटेलात
आमच्या व्यवसायाचं भविष्य होतं, दहा ते पाच,
मध्ये जेवणाचं कूपन.
कॉलरला माइक लावलेला मुलगा म्हणाला,
पुढच्या दहा वर्षांत तुमचा हात
पेशंटला लागेलच असं नाही.
मी माझे हात पाहिले.
उजव्याला उंधियूचं तेल लागलं होतं.

सोमवारी रावपुऱ्यात, माळ्यावर
(चौदा पायऱ्या, गुडघेवाल्यांची माफी मागून),
ध्रुवीने स्टुलावर टॅबलेट उभा केला.
समोर रंगराव तांबट, उजवा खांदा गोठलेला,
खाली त्यांचं कुलूपकिल्ल्यांचं दुकान.
हाथ ऊंचो करो, काका.
पडद्यावर एक हिरवा सांगाडा
त्यांच्यामागून अर्धा क्षण उशिरा हात उचलत होता,
जणू त्याचाही दुखतोय.
एकशे अठरा अंश. परवापेक्षा तीन जास्त.
टाळ्या वाजल्या, माणसांशिवाय.

रंगरावांनी टाळ्या संपू दिल्या.
मग विचारलं,
बेन, शटर किती अंशांवर असतं?

(ते मराठी, मी मराठी, तरी या गावात
दवाखान्यातली बाई बेनच होते.)

टॅबलेटला माहीत नव्हतं.
एकोणतीस वर्षं मी खांदे मोजते आहे,
शटर एकदाही मोजलं नाही.

कोपऱ्यात शॉर्टवेव्हचं मशीन,
सत्त्याण्णव साली कर्जावर घेतलेलं,
आता त्यावर पाण्याचा जग.
जुने पेशंट अजून त्याच्याकडे आशेने बघतात,
दहा मिनिटं शेक तरी द्या.
मी देत होते. कबूल करते.
शेकाने बरं वाटायचं, बरं व्हायचं नाही,
आणि बरं वाटलेला माणूस रोज यायचा.
कर्ज त्यावरच फिटलं.

तेव्हा चिठ्ठी लागायची मोठ्या डॉक्टरांची:
उजवा खांदा, दहा दिवस, शेक.
आता लोक चिठ्ठीविना चढून येतात,
आणि नावाआधी डॉक्टर लिहावं की नाही
यावर आमचेच लोक अजून भांडतात.
माझ्या पाटीवर मी जागा सोडली आहे,
एका अक्षराची आणि एका टिंबाची.

त्याच्याही आधी, मी परकरात असताना,
आखाड्यातले केशवबुवा उतरलेला खांदा चढवायचे.
हात लावण्यापूर्वी विचारायचे,
काय उचलायचंय?
मी कॉलेजात गेले
आणि हा प्रश्न अशास्त्रीय म्हणून सोडून आले.

आम्ही तिघं खाली उतरलो.
आठ महिने शेजारचा फरसाणवाला
एक शब्द न बोलता शटर वर करून देतो.
रंगरावांना खांद्यापेक्षा तेच जास्त दुखतं.
आज ते बंदच ठेवलं होतं.
ध्रुवीने टॅबलेट खांबाला टेकवला.
सांगाडा गोंधळला.
रिक्षा, सायकल, उभी गाय,
सगळ्यांत त्याला सांधे दिसू लागले.

मी रंगरावांच्या कोपराखाली दोन बोटं धरली,
उचलायला नव्हे,
कुठे अडतं ते कळायला.
कमरेपर्यंत काही नाही. छातीशी थोडं.
मग एका जागी दंड अचानक कडक झाला,
दुखण्याच्या बोटभर अलीकडेच.
हे बोटभर अंतर
रविवारच्या एकाही स्लाइडवर नव्हतं,
आणि माझ्या पुस्तकांत होतं असंही नाही.

शेवटची वीत ढकलायला दीडशे लागतील, ध्रुवी म्हणाली.
म्हणजे अजून बत्तीस.
कारागिरासारखी मान हलवली रंगरावांनी,
जाड किल्ली बघून हलवतात तशी.

फरसाणवाला झारा ठेवून उठला.
ध्रुवीने नुसतं त्याच्याकडे पाहिलं. तो बसला.
हे तिला मी शिकवलेलं नाही.

शटर छातीपर्यंत आलं.
गळ्यापर्यंत. मग हलेना.
ध्रुवीने खालून वीट लावली,
रंगराव वाकून आत गेले, दिवा लावला,
आणि कानस घासल्याचा आवाज येऊ लागला.

टॅबलेट विचारत होता, सत्र संपवायचं?
ध्रुवीच्या बोटांना शटरचं ग्रीस लागलं होतं.
तिने कोपराने दाबलं,
नाही.