पावलीएवढा रंग

नियम असा, की अंगावरचा डाग पावलीएवढा असेल
तर भिडू बाद.
म्हणून मी खिशात एक पावली बाळगते,
पंचवीस सेंटची, कडा झिजलेली.
अकरा वर्षं तीच.
तिनं आजवर काहीही विकत घेतलेलं नाही.

हॅझलटनच्या बाहेर, खाणीतल्या टाकाऊ कोळशाच्या काळ्या टेकडीखाली
आमचं मैदान.
त्या ढिगाऱ्यावर फक्त बर्च उगवतात, पांढरे, हडकुळे.
ऑक्टोबरात, शनिवारी सकाळी,
आम्ही हवा भरून अडोसे उभे करतो, पिवळे, निळे, ढेरपोटे,
कुणाच्या तरी वाढदिवसाला आलेले
आणि घरी जायचं विसरलेले.

आदल्या रात्री अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये सभा.
विषय एकच. सेकंदाला दहा गोळ्या, की साडेबारा?
लुबोमिर ह्रिट्साक उठला, बासष्ट वर्षांचा,
बाटल्यांच्या कारखान्यात जन्म गेलेला.
"मी पंप ओढतो, एक गोळी जाते.
चुकली तर ती माझी चूक, तिला माझं नाव असतं.
तुम्ही काय करता? बागेला पाणी घालता."
मागून कुणीतरी,
"तुमच्या काळी लोक बाहीनं डाग पुसायचे,
तेही सांग की."
खुर्च्या करकरल्या.

मग मारिसोल तेहेदा, वय सतरा, तोंडात च्युइंगगम.
"मी माणसाला मारतच नाही," म्हणाली. "मी वाट मारते.
त्या वाटेनं कुणी आलं
तर तो त्याचा निर्णय."

हात वर झाले. नऊ विरुद्ध नऊ.
कॉफी संपली, सभा संपली,
वाद तेवढा पार्किंगमध्ये जाऊन
थंडीत बराच वेळ उभा राहिला.

शनिवार, तिसरा डाव.
लुबो लांबट अडोशामागे गुडघ्यांवर,
ज्याला सगळे साप म्हणतात.
मारिसोलच्या गोळ्यांची दोरी त्याच्या डोक्यावरून ताणलेली,
पत्र्यावर वाटाणे ओतावेत तसा आवाज, न थांबता.
त्यानं श्वास धरला.
दोरी क्षणभर सैल पडली,
आणि त्यानं एकच गोळी मारली.
तिचा भिडू बाद, छातीच्या अगदी मधोमध.
फार देखणं होतं ते.
पंचाला असं काही दिसता कामा नये.

पुढच्याच क्षणी दोरीचं टोक त्याच्या कोपराला चाटून गेलं.
"शिंतोडा! अडोशावर फुटली, तिथून उडाली!"
"रडी!" पलीकडून ओरडा.

मी धावत गेले. हात पुढे कर.
गुलाबी डाग, माशाच्या तेलाच्या गोळीसारखा बुळबुळीत.
वर पावली ठेवली.
आडवा पाहिला, तर नाण्याबाहेर डोकावतो.
उभा पाहिला, तर नाण्याखाली दडतो.
लांबुळका.
बावीस पानी नियमावलीत लांबुळक्याबद्दल
एक अक्षर नाही.

लुबो माझ्याकडे बघत नव्हता.
त्याचा दुसरा हात कोपराकडे निघाला,
अर्ध्यावर आला, थांबला.
तो हात मी पाहिला.
मी पाहिला, हे त्यानं पाहिलं.

"राहू दे गं, ट्रेसा," मारिसोल अडोशाआडून म्हणाली,
"खेळू दे त्याला. गुडघे दुखतात त्याचे.
मारीन की परत."

लिंबूटिंबू, हा शब्द तिनं वापरला नाही.
वापरायची गरज नव्हती.

लुबो उठला. पंप डोक्यावर आडवा धरला
आणि बर्चच्या कडेकडेनं मैदानाबाहेर चालत गेला.
मी हात वर केलाच नव्हता.

संध्याकाळी दोघंही माझ्या ट्रकपाशी.
"लांबी धरायची, असं लिही," लुबो म्हणाला. "मी बाद होतो."
"रुंदी," मारिसोल म्हणाली. "नव्हतास."
"होतो!"
"मी मारलंय, मला माहीत नाही का?"
"कोपर माझं आहे!"
अंधार पडला, अडोशांमधली हवा सुस्कारत निघाली,
तरी ते तिथंच.
शेवटी लुबोनं विचारलं,
"बरं, नाणं आडवं धरायचं की उभं, एवढं तरी सांग."

"नाणं गोल असतं," मी म्हणाले.

दोघंही एकदम माझ्यावर उखडले.