फर्निचरसहित

मिरकरवाड्याच्या वरच्या अंगाला, तिसरा मजला.
एजंटाने यादीवर सही घेतली:
पलंग एक, पंखे तीन, खुर्च्या सहा.
एक डगमगते, तीही मोजून.

लातूरहून आम्ही आणल्या
दोन बॅगा आणि ज्वारीचं पीठ.
आठवड्यात पिठाला ओल आली,
कपाटाचं दार फुगून बसलं,
आणि खालून माशांचा वास
न विचारता आत.

व्यंकट म्हणतो, होईल सवय.
तो झोपतो भिंतीकडच्या बाजूला.
गादीत आधीच कुणाचा तरी खड्डा आहे,
त्यात तो बरोबर मावतो.
मी अजून काठावर.

रात्री कतारहून मुकादमभाभींचा व्हिडिओ कॉल.
भाड्याचं काही बोलल्या नाहीत.
म्हणाल्या, जरा बाल्कनीत जा, फोन उलटा धरा.
अंधारच होता. होड्यांचे चार दिवे.
बराच वेळ बघत राहिल्या.
मग म्हणाल्या,
इथंही सगळं मालकाचंच आहे गं,
चमचेसुद्धा मोजून दिलेत.

फोन ठेवला.
यादीच्या कागदाची घडी घातली,
सहाव्या खुर्चीच्या पायाखाली सरकवली,
आणि बसून बघितलं.